डावा हात हलत नाही

३ नोव्हेंबर, सोमवार

भिंगरीचं नवं गाणं आलं. सकाळीच फोनवर पाठवलं आणि खाली लिहिलं, "आई, पूर्ण बघ. नुसतं ऐकू नकोस, बघ." एकतीस वर्षांची झाली तरी हुकूम सोडते. कुणावर गेली आहे ते विचारायला नको.

गाण्याचं नाव 'सावकाश'. तिच्या चमूत तिघं आहेत. ती लिहिते आणि गाते, एक मुलगी गिटार वाजवते, एक दाढीवाला ड्रम. मागे कुठली कंपनी नाही. राहत्या खोलीत रेकॉर्ड करायचं, मित्राचा कॅमेरा मागून आणायचा, आपलं आपणच लोकांसमोर ठेवायचं. याला इंडी म्हणतात म्हणे. आमच्या वेळी याला हौस म्हणत.

चहा घेऊन बसले आणि बघितलं. चहा तसाच राहिला.

व्हिडिओ असा आहे. एक बाई घरात चालते आणि कॅमेरा तिच्या मागे मागे जातो. चेहरा एकदाही दिसत नाही. अंगात करडा स्वेटर, माझाच जुना, कपाटातून न विचारता नेलेला. बाई म्हणजे भिंगरीच. सायकलवरून पडली होती तेव्हाचा टाचेवरचा व्रण मी कुठेही ओळखीन. ती बोळातून चालते, कप उचलते, बटण लावते, दारात थबकते, वळते. बाकी काही घडत नाही. रंग चार वेळा धुतल्यासारखे. कॅमेरा जमिनीपासून फार वर नाही, स्टँड मिळालं नसेल. दाढीवाल्याला ताल कळत नाही. एक ठोका नीट पडतो, दुसरा घासत येतो. शेवटी भिंतीवर दोन सावल्या दिसतात, एक तिची आणि एक तिच्या डावीकडे, जराशी मागे. दिव्यांची चूक.

पण हे सगळं दुसऱ्या वेळी पाहिलं. पहिल्या वेळी मला एकच गोष्ट दिसली.

तिचा डावा हात हलत नाही.

४ नोव्हेंबर, मंगळवार

झोप नीट झाली नाही. सकाळपासून हातपाय गार पडले आहेत आणि मी स्वतःला बजावते आहे की बाई, नीट विचार कर.

मी सारी नोकरी रुग्णालयात माणसांना चालायला शिकवण्यात घालवली. खुब्याचं हाड मोडलेली, अर्धांग झालेली, महिनोन्महिने अंथरुणावर असलेली. माणूस दारातून आला की मी आधी पाय बघते, मग कंबर, मग हात. चेहरा सगळ्यांत शेवटी. या सवयीपायी नातेवाइकांत माझं नाव खराब आहे. "ओळख दाखवली नाही" म्हणतात. ओळख दाखवली नाही कशी? तुमचा उजवा गुडघा दुखतोय हे तुमच्या आधी मी ओळखलं की!

चालताना हात आपोआप हलतात. कुणी ते हलवत नाही, झाडाची फांदी हलावी तसे ते हलतात. एकच हात हलायचा थांबला, कोपरात जरा वाकून अंगाला चिकटला, आणि त्याच बाजूचं पाऊल घासायला लागलं, तर त्याचा अर्थ मला कुणी सांगायला नको. लोकांना वाटतं हात थरथरला म्हणजेच तो आजार. थरथर पुष्कळदा नंतर येते, काहींना येतच नाही. आधी हात हलायचा थांबतो.

कंपवात. लिहिलं एकदाचं.

तिशीत होतो का? क्वचित होतो. माझ्याकडे एक आली होती, शाळेत चित्रकला शिकवायची. पहिल्यांदा आली तेव्हा हसत म्हणाली, फळ्यावर गोल काढते तो अंड्यासारखा येतो. पुढे तिला नवरा स्वेटर घालून द्यायचा. ती मला आज सकाळपासून दिसते आहे.

भिंगरी हे नाव तिला तिच्या वडिलांनी दिलं होतं. चालायला लागली तीच गोल गोल फिरत. हे आज नाहीत ते एका परीने बरं, असा विचार मनात आला आणि मी तो हाकलून दिला.

५ नोव्हेंबर, बुधवार

गाण्याखाली लोकांनी काय काय लिहिलं आहे ते वाचलं. वाचू नये ते वाचलं.

एक म्हणतो, ही बाई म्हणजे थकलेलं शहर. दुसरी म्हणते, करडा स्वेटर म्हणजे संसाराने फिका केलेला बायकांचा रंग. अहो, तो दुकानातच करडा होता, मी स्वतः घेतला. कुणा हुशार माणसाने लांबलचक परीक्षण लिहिलं आहे: 'न हलणारा हात म्हणजे आपल्या पिढीने नाकारलेली कृती.' त्याला पन्नास जणांनी टाळ्या दिल्या आहेत. माझ्या मुलीच्या मेंदूतली एक वाट बंद पडत चालली आहे आणि हे टाळ्या वाजवताहेत.

एकालाही ते दिसलं नाही. सगळ्यांना अर्थ दिसला, हात कुणालाच दिसला नाही.

मीही अर्थ लावते आहे, पण तो मला नको आहे. तिने 'नुसतं ऐकू नकोस, बघ' असं लिहिलं. म्हणजे तिला माहीत आहे. तोंडाने सांगवत नाही म्हणून चालून दाखवलं. चेहरा का लपवला? या आजारात चेहरा हलायचा थांबतो. हसू येतं पण गालापर्यंत पोचत नाही. तो मला दिसू नये म्हणून लपवला असेल.

उजेड असतानाही घरातले सगळे दिवे लावून बसले आहे. कशासाठी, माहीत नाही.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

धीर करून तिला फोन केला.

"आई, जोरात बोल ना. विहिरीतून बोलल्यासारखा आवाज येतोय."

"तुझा फोन बदल."

"माझा फोन चांगला आहे." मग जरा थांबून, "बघितलंस का?"

"बघितलं."

"मग?"

इकडचं तिकडचं विचारलं. जेवण वेळेवर होतं का, झोप लागते का, वास नीट येतो का. या आजारात वास येणं आधी बंद होतं.

"वास? कसला वास?"

"कसलाही. साबणाचा. फुलांचा."

"येतो की. आई, तू बरी आहेस ना?"

"मी बरीच असते. अंगठ्यावर बोट आपट. डाव्या हाताचं. भराभर. आवाज ऐकू दे मला."

ती हसली. मग हसायची थांबली. फोनवर काहीच ऐकू येईना, ना बोट ना ती. मग म्हणाली, "आई, मी पुढच्या रविवारी येते. मामालाही बोलावते. मला बोलायचंय तुझ्याशी."

मला बोलायचंय. ती आयुष्यात असं कधी बोलली नाही. ती सरळ बोलायला सुरुवात करते आणि मी तिला गप्प करते, असा आमचा रिवाज आहे. फोन ठेवल्यावर मी भिंतीला टेकून उभी राहिले. नऊ दिवस कसे काढू?

९ नोव्हेंबर, रविवार

धाकटा भाऊ आला होता. तो कॉलेजात मुलांना चित्रपट कसा बघावा हे शिकवतो. डोळे असले की चित्रपट बघता येतो असं मी समजत होते, पण त्याला त्याचा पगार मिळतो. घरात मी त्याला प्रोफेसर म्हणते. आवडत नाही त्याला.

व्हिडिओ लावून दिला आणि म्हटलं, "सांग, काय दिसतं. तुझ्या भाषेत सांग, मी राग धरणार नाही."

"ताई, तू राग धरणार नाहीस हे वाक्य मी लिहून घेऊ का?"

"बोल."

त्याने चष्मा पुसला. बराच वेळ पुसला. म्हणाला, "कॅमेऱ्याची उंची बघ. कंबरेच्याही खाली. तुला काय वाटतं, का?"

"स्टँड मोडकं."

"लहान मुलाची नजर आहे ती. पाच-सहा वर्षांच्या पोराचे डोळे तिथे येतात. कुणीतरी लहान मूल त्या बाईच्या मागे मागे घरभर फिरतंय. ती वळून बघत नाही, म्हणून चेहरा नाही. आणि शेवटच्या दृश्यात कॅमेरा हळूहळू वर येतो. मूल मोठं झालं. आता ते मागे नाही, बाजूला आलं."

"हे सगळं त्या एका व्हिडिओत?"

"त्याच व्हिडिओत."

"आणि हात? डावा हात?"

तो माझ्याकडे बघायचं टाळत होता. लहानपणी काचेचं भांडं फोडून कपाटामागे उभा होता, तोच चेहरा. "ताई," तो म्हणाला, "ती बाई भिंगरी नाहीये."

"टाचेवरचा व्रण मी ओळखते."

"पाय तिचे आहेत. बाई ती नाहीये."

प्रोफेसरी! मी उठून आत गेले. मागून म्हणाला, "ताई, तू एकदा डॉक्टरकडे जाऊन का येत नाहीस?" तेवढं मात्र शहाण्यासारखं बोलला. मेंदूच्या डॉक्टरचा फोन नंबर मी कागदावर लिहून त्याला दिला, म्हटलं, तूच लावून वेळ घे. कागद बघून म्हणाला, "हे काय, मुंगीला शाईत बुडवून सोडलीस?" नवीन पेन बारीक टोकाचं आहे. दुकानदाराला सांगायला हवं.

जाताना त्याने मला मिठी मारली. असलं तो कधी करत नाही. त्यालाही माहीत आहे. सगळ्यांना माहीत आहे, मलाच शेवटी सांगणार आहेत.

१२ नोव्हेंबर, बुधवार

आज आवाज बंद करून बघितलं. रुग्णालयात आम्ही असंच करायचो. रुग्ण बोलायला लागला की डोळे फसतात.

कप: दोन्ही हातांनी धरते. डावा नुसता साथीला. बटण: उजव्या हाताने काजात ढकलते, डावा हात कापड धरायला येतो आणि तिथेच राहतो, विसरल्यासारखा. दार: उंबऱ्याशी पाय चिकटतात, जणू पलीकडे पाणी आहे. वळणं: हे सर्वांत वाईट. निरोगी माणूस एका पायावर वळतो. ही बारीक बारीक पावलं टाकत सबंध अंगाने वळते, पुतळा फिरवून ठेवावा तशी. नाटक करणारा माणूस थरथर करील. एवढ्या बारकाव्याने वळणं कुणाला सुचणार नाही. हे अंगात असावं लागतं.

बघता बघता खालच्या मजल्यावरच्या वहिनी दार वाजवायला लागल्या. दूध उतू जाऊन करपलं होतं, वास खालपर्यंत गेला म्हणे. मला आला नाही. खिडकी उघडी होती आणि लक्ष दुसरीकडे.

वहिनींनी गॅस बंद केला. म्हणाल्या, "माझ्यावर रागावलात का?"

"मी कशाला रागावू?"

"नाही, चेहऱ्यावरून वाटलं. हल्ली नेहमी वाटतं."

माझा चेहरा असाच आहे. आयुष्यभर हाताखालच्या मुली मला घाबरून होत्या, या चेहऱ्यानेच विभाग चालवला. वहिनी मात्र भांडं घासत बोलत राहिल्या. त्यांना म्हणे खालून माझी चाहूल कळते, मी कुठल्या खोलीत आहे ते सांगू शकतील. मी म्हटलं, एवढा वेळ असेल तर छताकडे कान लावण्यापेक्षा पुस्तक वाचा. त्या हसल्या. वाईट नाहीत.

त्या गेल्यावर जुने दिवस आठवले. हाताखाली येणाऱ्या नव्या मुलींना मी पहिल्या दिवशी एकच नियम सांगायचे. रुग्णाला धरायचं नाही. धरलं की तो तुमच्यावर रेलतो आणि चालणं विसरतो. त्याच्या कमजोर बाजूला राहायचं, अर्धं पाऊल मागे. पडला तर तुमचा हात पोचला पाहिजे, आणि नाही पडला तर तुम्ही आहात हे त्याला कळताही कामा नये. भिंगरी शाळेच्या सुट्टीत तिथेच बाकावर बसून असायची आणि घरी येऊन बाहुल्यांना चालवायची. "धरायचं नाही!" असं बाहुलीच्या आईवर ओरडायची.

आता मला तिच्या मागे अर्धं पाऊल राहावं लागणार. मी सदुसष्ट वर्षांची. किती वर्षं राहू शकेन? आणि नंतर कोण?



१४ नोव्हेंबर, शुक्रवार

मेंदूच्या डॉक्टरला भेटून आले. हा मुलगा शिकाऊ होता तेव्हापासून मी त्याला ओळखते. एकदा रुग्णाला उभं करताना शर्टाला धरून ओढलं म्हणून सगळ्यांसमोर झापलं होतं. आता डोक्यावर केस नाहीत, पण माझ्यासमोर अजून सरळ बसतो.

कुणाचा व्हिडिओ ते सांगितलं नाही. नुसता फोन पुढे केला.

"मॅडम, परीक्षा घेताय का?"

"घेतेय."

त्याने पूर्ण बघितलं. वळण्याचा भाग परत लावला. "डावी बाजू. हात अडकलाय, पाऊल घासतंय, वळताना सगळं अंग एकदम. तुम्हालाही तेच वाटतंय ना? कोण आहेत या?"

मला वाटत होतं तो हसेल. म्हणेल, मॅडम, वय झालं तुमचं, भलतंच दिसतं तुम्हाला. त्यासाठीच गेले होते. मी टेबलाची कड धरली.

"वय एकतीस," मी म्हटलं.

त्याने भुवया चढवल्या आणि पुन्हा बघितलं. "नाही हो. एकतीस कसं असेल? ही चाल साठीच्या पुढची आहे."

"ती माझी मुलगी आहे."

त्याने मला पाणी दिलं. ते पिऊन मी पेला ठेवायला खिडकीजवळच्या टेबलापर्यंत गेले आणि परत आले. बघते तर हा फोन सोडून माझ्याकडे बघत होता. पायांकडे. मीच शिकवलेली सवय, पण बाईमाणसाकडे असं टक लावून बघू नये.

"मॅडम, तुम्ही कशा आहात?"

"मला काय धाड भरली आहे? खांदा आखडलाय, तेवढाच. व्यायाम करते."

"कुठला खांदा?"

"डावा. झोपेत अंगाखाली येतो."

त्याने काहीतरी लिहिलं. मग फार सावकाश, मूल घाबरू नये तसं म्हणाला, "येत्या गुरुवारी या. दोघी या. एकट्या मुलीला पाठवू नका, तुम्ही सोबत हव्यातच."

इतका गंभीर का झाला? आजार लवकर येऊन भराभर वाढणारा असला की चाल अशी म्हातारी होते का? विचारायचं राहिलं. नाही, राहिलं नाही. विचारायची छाती झाली नाही.

येताना रस्त्यात चप्पल अडखळली. डाव्या चपलेचं पुढचं रबर पार झिजलं आहे, दुसरीचं चांगलं आहे. जोडीतल्या एकाच चपलेला वाईट रबर लावणारा चांभार मी पहिल्यांदाच बघते.

१५ नोव्हेंबर, शनिवार

उद्या ती येणार. भीती वाटते. दुसरं काही लिहिण्यासारखं नाही.

१६ नोव्हेंबर, रविवार

सगळं जसं झालं तसं लिहून ठेवते.

अकराच्या सुमारास दोघं आली, मामा-भाची. तिने दारातच माझ्या गळ्यात हात टाकले. मी ते सोडवले.

"चप्पल काढ."

"काढतेच आहे, आई."

"पिशवी मामाकडे दे. हात मोकळे सोड. बोळाच्या टोकापर्यंत जा, वळ, परत ये."

तिने भावाकडे पाहिलं. तो म्हणाला, "चाल बाई, ती ऐकायची नाही."

ती चालली. मी पाय बघितले. टाच आधी, मग चवडा. गुडघे मोकळे. कंबर सरळ. मग हात बघायची वेळ आली आणि मी क्षणभर डोळे मिटले. उघडले. दोन्ही हात हलत होते. झाडाच्या फांद्यांसारखे. टोकाला जाऊन ती एका पायावर गर्रकन वळली, पाच वर्षांची असताना वळायची तशी.

"पुन्हा."

पुन्हा चालली.

"बोटं आपट. डावी."

भराभर आपटली, चिमणीने दाणे टिपावेत तशी.

मी खुर्चीत बसले. घशातून एक विचित्र आवाज आला. तो माझा आहे हे मला नंतर कळलं. ती धावत आली, पायाशी बसली. मी तिचा डावा हात घेऊन मनगट, कोपर, खांदा, सगळं हलवून बघितलं. कुठेही अडकत नव्हतं. मऊ, गरम, धडधाकट हात.

मग माझं डोकं फिरलं. "मूर्ख मुली! तेरा दिवस मी मरत होते. हे असलं सोंग कशाला केलंस? आणि इतकं हुबेहूब?"

"हुबेहूब जमलं ना?" ती म्हणाली, पण हसली नाही. "महिनाभर सराव केला. वळणं सगळ्यांत अवघड गेली."

"कुणाला बघून?"

भाऊ खिडकीशी गेला आणि बाहेर काहीही नव्हतं ते बघत उभा राहिला.

"आई," ती म्हणाली, "मी तुला तीनदा सांगितलं. मे महिन्यात इथे होते तेव्हा दोनदा, नंतर फोनवर. तू म्हणालीस, खांदा आखडलाय. मामा बोलला तर त्याला म्हणालीस, तू तुझे सिनेमे बघ. तुला स्वतःचं काही दाखवता येत नाही. दुसऱ्या माणसाचं चालणं तेवढं तुला खरं दिसतं. म्हणून मी दुसरं माणूस झाले."

मला कळलं नाही असं लिहिलं तर ते खोटं होईल. कळलं होतं, पण मी ते हातात न घेता तसंच समोर ठेवलं होतं.

"त्या दाढीवाल्याचा ताल..." मी म्हटलं.

"त्याने एकही ठोका वाजवलेला नाही." तिने फोन काढला आणि गाण्यातून सगळं वजा करून नुसता ताल लावला. टक, सर्र. टक, सर्र. "मे महिन्यात मी हा फोन बोळातल्या स्टुलावर ठेवला होता. तू स्वयंपाकघरातून गॅलरीत कपडे वाळत घालायला गेलीस, आणि आलीस. ही तुझी घरातली चप्पल आहे, आई."

कुणी सांगितलं नाही, पण मी उठले. त्याच चपला घातल्या आणि बोळातून चालले. कान देऊन. टक, सर्र. खालच्या वहिनींना मी कुठल्या खोलीत आहे ते का कळतं, ते मला कळलं.

टोकाला जाऊन वळायचं होतं. वळायला मला किती पावलं लागली ते इथे लिहीत नाही.

१७ नोव्हेंबर, सोमवार

भिंगरी राहिली आहे. सकाळी तिच्यावर ओरडले. माझा आवाज वाढत नाही, हेही लक्षात आलं, त्यामुळे आणखी राग आला.

"जगासमोर मला चालवलंस!"

"चेहरा नाही दाखवला, आई. एकालाही कळलं नाही. लोकांना वाटतंय तू शहर आहेस."

"चेहरा दाखवला असतास तरी काय? वहिनी म्हणतात, त्याच्यावर काही दिसतच नाही."

ती हसली. मला हसू आलं, पण ते चेहऱ्यावर आलं की नाही, सांगता येत नाही. आरशात बघायला गेले तोवर निघून गेलं होतं.

मग ती म्हणाली, "काढून टाकू का व्हिडिओ? तू म्हणशील तर आत्ता."

मी विचार केला. वळणाचं ते दृश्य आठवलं. इतकं नीट निरीक्षण माझ्या हाताखालच्या एकाही मुलीने कधी केलं नव्हतं.

"राहू दे," म्हटलं. "पण उंबऱ्यापाशी पाय जास्त वेळ चिकटवलास. मी तेवढी थांबत नाही."

"थांबतेस, आई."

ती आंघोळीला गेली तेव्हा पुन्हा गार पडले. तिच्यासाठी घाबरायचं मला जमतं, एकतीस वर्षांचा सराव आहे. स्वतःसाठी घाबरायची ही पहिलीच वेळ. चित्रकलावाली बाई काल परत दिसली. या वेळी ती माझ्याकडे बघत होती. तिला मी काय काय सांगायचे ते आठवलं. मोठी पावलं टाका, मनात ताल धरा, रोज चाला. किती सहज सांगायचे! खुर्चीत बसून.

२० नोव्हेंबर, गुरुवार

रुग्णालयात गेलो. माझ्याच जुन्या विभागाच्या शेजारची खोली. डॉक्टर म्हणाला, "दारापर्यंत जा, वळा, परत या." माझंच वाक्य, माझ्याच आवाजाच्या ढबीत. मी चालले. त्याने बोटं आपटायला लावली, मनगट फिरवलं, एक ओळ लिहायला लावली. ओळ सुरुवातीला मोठी होती आणि कागदाच्या कडेपर्यंत मुंगी झाली. पेन त्याचं होतं. जाड टोकाचं.

त्याने भिंगरीला तपासलंच नाही. "तुम्ही दोघी या म्हणालो ते तुम्ही एकट्या आला नसतात म्हणून," म्हणाला. सरळ बसला होता, पण डोळे ओले होते. मी म्हटलं, "रुग्णासमोर रडायचं नाही, हेही शिकवलं होतं." मग त्याने औषध, व्यायाम, काय होईल, काय होणार नाही, सगळं सांगितलं. पुष्कळ वर्षं बरी जातात असं म्हणाला. मीही लोकांना तसंच सांगायचे, आणि ते खोटं नव्हतं. तरी त्याच्या टेबलाखाली माझे पाय गार होते.

बाहेरचा बोळ लांब आहे. दुपारचं ऊन मागच्या खिडक्यांतून येत होतं. भिंगरीने हात पुढे केला नाही. मी तशी वाट बघत होते, म्हणजे झिडकारता आला असता. तिची चाहूलही लागत नव्हती. जरा वेळाने मला वाटलं ती कुणाशी तरी बोलायला मागेच थांबली, आणि मी थांबणारच होते, तेवढ्यात समोर फरशीवर नजर गेली.

माझी सावली होती. आणि तिच्या डावीकडे, अर्धं पाऊल मागे, दुसरी.

मी वळून बघितलं नाही. पाऊल मोठं टाकलं.

घरी आल्यावर तीन तारखेचं पान उघडून 'दिव्यांची चूक' हे शब्द खोडले. डॉक्टरने अक्षर मोठं काढायला सांगितलं आहे, म्हणून वर मोठ्या अक्षरात खरं ते लिहायला घेतलं: 'भिंगरी. कमजोर बाजूला, अर्धं पाऊल मागे.' निम्म्यातच जागा संपली.